मुंजाजीनं डब्याला काय शिकवलं

सेलूच्या मोंढ्यात गेल्या हिवाळ्यात एक कुजबूज होती, की मुंजाजीनं मशीनला मुद्दाम उलटं शिकवलं.

मोंढ्यातली कुजबूज म्हणजे चार दुकानं ओलांडून ऐकू जाईल अशी. गोपाळच्या हॉटेलात ती सकाळी भज्यांच्या पहिल्या घाण्याबरोबर निघाली, दुपारपर्यंत स्टेशनावर गेली आणि मानवत रोडकडच्या गाडीत बसून पुढच्या गावाला पोचलीसुद्धा. वाटेत प्रत्येकानं तिला आपल्या पदरचं काहीतरी चिकटवलं. कुणी म्हणालं, मुंजाजीनं चांगला कापूस दाखवून तोंडानं तीन नंबर म्हटलं आणि रद्दी दाखवून एक नंबर. कुणी म्हणालं, त्याचं दुसऱ्या जिनिंगवाल्याशी आतून संगनमत होतं. एकानं तर शपथेवर सांगितलं, की त्यानं मशीनच्या डब्यात चिमूटभर अंगारा टाकला. गोपाळला स्वतःला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नसलेली गोष्ट अर्धी सांगून थांबायची त्याला कला होती. मी काय बोलणार, माझं तोंड बारीक, असं म्हणायचा आणि गाळणी झटकायचा. तेवढ्यावर गिऱ्हाईक अजून एक चहा सांगायचं.

हा मुंजाजी वालूरच्या रस्त्याला असलेल्या एका खेड्यातला. वय छप्पन्न-सत्तावन्न, अंगानं काटकी, मिशी मात्र दोन माणसांत वाटून घ्यावी एवढी. माणिकराव शेठच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तो कापसाचा पारखी. कापसाची गाडी फाटकात आली की तो वर चढायचा, कोपरापर्यंत हात आत खुपसायचा आणि खालचा मूठभर कापूस वर काढायचा, कारण वरचा कापूस शेतकऱ्यानं नवरीसारखा नटवून ठेवलेला असतो. मग बोटांत धरून धागा ओढायचा. एक सरकी दाताखाली धरायचा. कट्‌ असा आवाज आला तर कापूस वाळलेला, नुसतीच दबली तर ओला. मूठ आवळून सोडायची, कापूस फुलून वर आला तर ठीक, गोळा होऊन बसला तर रात्री कुणीतरी पाणी मारलंय. एवढं सगळं पापणी लवायच्या आत व्हायचं आणि मुंजाजी खाली उतरता उतरता म्हणायचा, "एक." किंवा, "दोन." त्या एका शब्दावर गाडीचा भाव.

हे त्याला गफूर उस्तादानं शिकवलं. उस्ताद जुन्या निजामी वळणाचा माणूस, डोक्यावर रुमी टोपी, तोंडात पानाचा तोबरा. तो पोराला डोळे मिटायला लावायचा आणि हातात एकामागून एक कापूस द्यायचा. चुकलं की बोटावर छडी. मुंजाजी सतराव्या वर्षी हमाली करायला आला होता, विसाव्या वर्षी डोळे मिटून कुठल्या शिवारातला कापूस आहे ते सांगायला लागला. उस्ताद गेला तेव्हा त्याची पाटावरची जागा मुंजाजीला मिळाली. पुढं शेठनं पाट काढून खुर्ची दिली, डोक्यावर छत्री दिली. कागद मात्र कधी दिला नाही. दर दसऱ्याला शेठचा निरोप यायचा, "ये म्हनलंय," आणि मुंजाजी जायचा. छत्तीस वर्षं नोकरी म्हणायची ती एवढीच, एका निरोपाची.

आता हातांचं सांगायला हवं, कारण सगळी गंमत हातांतच आहे. मुंजाजी हातांना फार जपायचा. कुऱ्हाड धरायचा नाही, मिरच्या निवडायचा नाही, विहिरीचा दोर ओढायचा नाही. बोटांना घट्टे पडले तर धागा कळत नाही, असं त्याचं म्हणणं. गावातल्या बायका पदराआड हसायच्या. त्याची बायको धुरपताबाई पदराआड हसणाऱ्यांतली नव्हती. ती चारचौघांत म्हणायची, "आमच्या ह्यांच्या हाताला नुसती मेंदी लावायची राह्यलीय. बाकी नवरी तयार हाय." आणि मुंजाजी तेच हात पाठीमागं बांधून तालेवारासारखा वेशीकडं चालू लागायचा.

एआयची बातमी सेलूत आली ती मोबाइलवरून. गोपाळच्या हॉटेलात तिच्यावर रोज पंचायत बसायची आणि त्या पंचायतीत एक मोठी मजेची गोष्ट होती. प्रत्येकाला खात्री होती, की बुडणार तो शेजारचा. लग्नपत्रिका छापणारा म्हणायचा, कोर्टातल्या टायपिस्टाचं काही खरं नाही. टायपिस्ट म्हणायचा, माझ्याकडं वकिलाची सही लागते, शाळेतल्या मास्तरचं बघा. मास्तर म्हणायचे, पोरांना धाक कोण घालणार, फोटो स्टुडिओवाला आधी जाईल. फोटो स्टुडिओवाल्यानं तर स्वतःच मोबाइलवर मेलेल्या माणसांना हसवून, डोळे मिचकावायला लावून दाखवायचा धंदा काढला होता. तो म्हणायचा, अक्कलवाले सगळे जातील, आपल्यासारखे हिकमती राहतील. सगळ्यात शेवटी बोलायचा मुंजाजी. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायचा, जणू पुरावाच मांडलाय, आणि विचारायचा, "त्याला बोटं हायेत का?"

बोटं नाहीत, हे सगळ्यांनी कबूल केलं. मग मुंजाजी निवांत बशीतला चहा फुंकायचा.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माणिकराव शेठनं त्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पत्र्याचा एक काळा डबा होता, आपल्या धान्याच्या कोठीएवढा. आत दिवा, वर कॅमेरा, खाली ताट. डब्याशेजारी एक पोरगी बसलेली. अर्पिता तिचं नाव, परभणीची, नोकरी पुण्याच्या कुठल्या कंपनीत. शेठनं ओळख करून दिली आणि सांगितलं, की हिला कापूस शिकायचाय. म्हणजे हिला नाही, ह्या डब्याला. तू ताटात मूठभर कापूस ठेवायचा आणि नंबर सांगायचा, ती फोटो काढील. बास.

दुसरा कुणी असता तर तिथंच सावध झाला असता. मुंजाजी सावध झाला नाही, उलट फुलला. छत्तीस वर्षांत शेठनं त्याला "किती नंबर?" एवढंच विचारलं होतं. ही पोरगी विचारायची, काका, का? हा एक का आणि हा दोन का? धागा किती लांब म्हणजे लांब? आणि तो जे सांगेल ते ती लिहून घ्यायची. मुंजाजीचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आला. तिसऱ्या दिवशी त्यानं गफूर उस्तादाची गोष्ट सांगितली. आठवड्यात तो तिला डोळे मिटायला लावून कापूस ओळखायला शिकवायला लागला. छडी तेवढी घेतली नाही.

घरी धुरपताबाई भाकरी थापता थापता ऐकायची. डबा कसा, दिवा कसा, पोरगी किती हुशार, "काका काका" करते. एक दिवस तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "आवं, पर हे शिकून त्यो डबा करनार काय?"

"काय करनार? नंबर सांगनार."

"मग तुमी काय सांगनार?"

मुंजाजीनं ताट पुढं ओढलं आणि म्हणाला, बाईमाणसाला यातलं कळत नाही. धुरपताबाईनं भाकरी त्याच्या ताटात जरा जोरात टाकली. त्या दिवशी घरात तेवढाच आवाज झाला.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत शिकवणी चालली. हजारो मुठी. शिमग्याला अर्पितानं पेढे आणले, काकांच्या पाया पडली, फोटो काढून घेतला आणि डबा गाडीत घालून गेली. मुंजाजीला आठ दिवस करमलं नाही.

पुढच्या दसऱ्याला निरोप आला, पण जरा उशिरा आला. मुंजाजी गेला तर फाटकाशी त्याच्या खुर्चीच्या जागी तोच डबा, आता रंगवून, कपाळावर मोठा पडदा बसवलेला. खुर्ची चार हात बाजूला सरकवलेली, छत्री डब्यावर. शेठ म्हणाले, तू बस, लक्ष ठेव. शेतकरी नवं काही बघून बिचकतात, तुला बघून गप राहतील. नंबर डबा सांगंल. संक्रांतीपर्यंत बघू. कंपनीशी तसंच बोलणं झालं होतं, संक्रांतीपर्यंत डबा नीट चालला तर कायमचा ठेवायचा, नाही तर परत, आणि खुर्ची होती तिथं.

म्हणजे मुंजाजीच्या सगळ्या जन्माचा निकाल आता संक्रांतीला लागायचा होता. आणि गंमत अशी, की डबा नीट चालेना.

तीन नंबरचा कापूस तो बरोबर ओळखायचा. पण स्वच्छ कापूस आला की त्याचं डोकं फिरायचं. एकाच गाडीतल्या दोन मुठी ठेवल्या तर एकीला एक म्हणायचा, दुसरीला दोन. जितका कापूस निर्मळ, तितका डबा गोंधळायचा. आणि शेठचा नियम साधा होता, दोन आकडे आले तर खालचा, म्हणजे कमी भावाचा, धरायचा.

ज्यांचा कापूस चांगला त्यांचीच माती होऊ लागली. त्यात पहिली पंचफुला. पंचफुला जवळच्याच खेड्यातली, तीन एकर तिचं. नवरा गेल्यापासून एकटी करते, बोंड पूर्ण उमललं नाही तर हात लावत नाही, आणि दहिवर वाळल्याबिगर शेतात पाय ठेवत नाही. तिच्या कापसात पत्ती शोधायची म्हणजे, वाळल्या पानाचा तो चुरा शोधायची म्हणजे, मोंढ्यात पैज लावायचं काम होतं. मुंजाजी तिच्या गाडीवर नुसता नावापुरता चढायचा आणि एक म्हणून उतरायचा. बारा वर्षं.

डबा म्हणाला, दोन.

पंचफुलानं पडद्याकडं बघितलं. मग चार हात बाजूच्या खुर्चीकडं बघितलं. तिथून तिनं जे विचारलं ते हमालांनी ऐकलं, काट्यावरच्या माणसानं ऐकलं, आणि ते खोटं आहे असं म्हणायची सोय राहिली नाही.

"मुंजादादा, हे तुमच्या हातानं शिकलंय म्हनत्यात. मग मला दुसऱ्या नंबरात तुमीच घातलं म्हनायचं का?"

मुंजाजी उठून उभा राहिला. काहीतरी बोलला, शेठशी बोलतो, यंत्र नवीन आहे, वगैरे. पंचफुला थांबली नाही. गाडी खाली करून गेली. गाडीभाडं देऊन कापूस परत न्यायचा तर तोही परवडायला हवा.

आठ दिवसांत चांगल्या कापसाच्या गाड्या दुसऱ्या जिनिंगकडं वळायला लागल्या. शेठची चिडचिड वाढली. आणि इथंच गोपाळच्या हॉटेलात ती कुजबूज जन्माला आली. आता तिची वेळ बघा किती चोख. सगळ्यांना दिसत होतं, डबा फसला तर फायदा एकाचाच. मग हे आपोआप कसं होईल? मुंजाजीनंच डाव टाकला. गरीब बिचारा दिसतो, पण मिशीखाली बघा कसा हसतो.

आणि मुंजाजी खरंच हसत होता. पहिल्यांदा त्याला कळेना, की आपण हॉटेलात शिरलो की लोक सरकून जागा का देतात. चहाचे पैसे घ्यायला गोपाळ नको का म्हणतो. मग कोर्टातला टायपिस्ट त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, आमच्याबी एका सॉफ्टवेअरचं काय करता येतंय का बघा की." तेव्हा सगळा उलगडा झाला. मुंजाजीनं नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. मिशीवरून एक बोट फिरवलं. छत्तीस वर्षांत त्याला जेवढा मान मिळाला नव्हता तेवढा त्या पंधरा-वीस दिवसांत मिळाला. फोटो स्टुडिओवाला त्याच्याबरोबर फोटो काढून घेऊन गेला. मास्तर, ज्यांनी कधी त्याला नमस्कार केला नव्हता, तेही सायकल थांबवून "काय मुंजाजीराव" म्हणू लागले. असं असल्यावर माणूस खरं बोलायची घाई कशाला करील?

पण रात्री अंथरुणावर पडलं की त्याला दुसरंच खुपायचं. आपण तर सगळं बरोबर सांगितलं होतं. मग चुकलं कुठं?

डिसेंबर संपता संपता अर्पिता परत आली. चेहरा उतरलेला. तिच्या कंपनीतही तिला लोक विचारत होते, तुझ्या त्या काकांनी फसवलं तर नाही? हे तिनं मुंजाजीला सांगितलं नाही, पण शेठनं सांगितलं. ती लॅपटॉप घेऊन त्याच्यापुढं बसली. शिकवणीच्या वेळी फोटोबरोबर तिनं व्हिडिओपण काढून ठेवले होते. म्हणाली, काका, माझं डोकं चालेनासं झालंय, तुम्ही एकदा बघा.

मुंजाजीनं पडद्यावर स्वतःचे हात बघितले. आजवर त्यानं ते असे लांबून कधी बघितले नव्हते. हात गाडीत जातो, मूठ बाहेर येते, बोटं धागा ओढतात, तोंड "दोन" म्हणतं. आणि मूठ ताटाकडं जाता जाता अंगठा आणि पहिलं बोट हळूच कापसात शिरतं, पत्तीचा एक चुरा उचलतं, टाकतं. दुसरा उचलतं, टाकतं. मूठ ताटात पोचते तेव्हा तो कापूस दुधासारखा.

पुढची मूठ. तेच. त्याच्या पुढची. तेच.

ही खोड उस्तादाची नव्हे. ही त्याच्या आईची. तो एवढासा होता तेव्हा आई त्याला वेचणीला न्यायची, आणि ओंजळीत पत्ती दिसली की बोटावर टिचकी मारायची. कापूस हातात आला की घाण काढून टाकायची, हे त्याच्या बोटांना तो बोलायला शिकायच्या आधी ठाऊक होतं. ह्या जिल्ह्यात लहानपणी वेचणीला गेलेल्या कुणाचेही हात बघा, तेच करतील. पत्ती दिसली म्हणून तो दोन म्हणत होता, आणि फोटो निघायच्या आत तीच पत्ती काढून टाकत होता. डब्यानं बिचाऱ्यानं बघितला तो स्वच्छ कापूस, ऐकलं ते दोन. तो शिकला, की असा निर्मळ कापूससुद्धा दोन नंबरचा असतो.

अर्पिता शेजारी बसून तेच बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. तिला वाटत होतं, काका कापूस नीट मांडतायत. वेचणीला ती कधी गेली नव्हती.

"दिसलं का काही?" तिनं विचारलं.

मुंजाजी म्हणाला, "न्हाई बा."

संक्रांत सोळा दिवसांवर होती.

घरी गेल्यावर त्यानं धुरपताबाईला सगळं सांगितलं. हसत हसतच सांगायला लागला होता, पण सांगता सांगता हसू आटलं. धुरपताबाईनं चुलीपुढं बसून सगळं ऐकलं. ती तशी चेष्टेखोर बाई, पण आता चेष्टा केली नाही.

"सोळा दिवस तोंड मिटून बसा," ती म्हणाली. "न्हाई तर जलमभर बसाल."

मुंजाजीला पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तो सहा दिवस गप बसला. खुर्चीवर बसायचा, डबा चुकायचा, शेतकरी शिव्या द्यायचे, शेठ दात खायचे, आणि संध्याकाळी हॉटेलात चहा फुकट. सातव्या दिवशी पंचफुलाची दुसऱ्या वेचणीची गाडी आली.

ती याच जिनिंगला का आली? तर दुसरीकडचा काटा बंद पडला होता आणि छोट्या हत्तीवाल्यानं तासावर भाडं लावलं होतं. मुंजाजीला वाटलं, ती आता काहीतरी बोलेल. त्यानं मनात उत्तर जुळवून ठेवलं. हमालानं ताटात मूठ ठेवली. डबा म्हणाला एक. दुसरी ठेवली. डबा म्हणाला दोन. खालचा धरला. पंचफुलानं खुर्चीकडं बघितलंसुद्धा नाही. गाडीच्या कडेला चिकटलेला कापूस दोन्ही हातांनी खरवडून काढला, त्यातली पत्तीची एक कपरी सवयीनं वेचून टाकली, आणि तो कापूस ढिगावर नीट ठेवून निघून गेली.

मुंजाजी ते बघत राहिला. ऊन कलायच्या आत तो उठला आणि ऑफिसात अर्पिताकडं गेला.

"बाई, त्यो व्हिडिओ लावा," तो म्हणाला. "आन्‌ माझ्या आंगठ्याकडं बघा."

तिनं बघितलं. एकदा, दोनदा. मग ती खुर्चीवरून उठलीच. तिचे डोळे भरून आले होते, सुटल्यामुळं. म्हणाली, काका, तुम्ही मला वाचवलंत. आणि तिथंच पुण्याला फोन लावला.

मग जे झालं ते बघायला सगळी जिनिंग जमली. साफ केलेल्या मुठींचे फोटो काढून टाकायचे आणि नवे काढायचे ठरलं, पत्तीसकट. अर्पिता म्हणाली, काका, आता नुसती मूठ ठेवा, काही वेचू नका. मुंजाजीनं मूठ घेतली, ताटाकडं नेली, आणि अंगठा आत शिरला. हमाल हसले. पुन्हा घेतली. पुन्हा तेच. त्यानं बोटं ताठ करून बघितली, मूठ घट्ट आवळून बघितली. ती बोटं ऐकेनात. दहा-बारा वेळा झाल्यावर शेठ म्हणाले, असू दे, त्याला नको त्रास. मग हमालानं पत्र्याच्या सुपलीनं कापूस उचलून ताटात ओतायला सुरुवात केली. मुंजाजीला खुर्चीवर बसवलं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, आणि नुसत्या डोळ्यांनी बघून नंबर सांगत राहिला. चार दिवस.

पाचव्या दिवशी डबा बरोबर झाला.

इतका बरोबर, की अर्पितानं गंमत म्हणून मुंजाजीची आणि डब्याची शर्यत लावली. पन्नास गाड्या. दोघांत एका गाडीचा फरक पडला, आणि तपासल्यावर त्या गाडीत डबा खरा निघाला. मुंजाजी म्हणाला, ऊन डोळ्यावर येत होतं. छत्री डब्यावर होती, हे त्यानं कुणाला दाखवलं नाही.

संक्रांतीला शेठनं त्याला तिळगूळ दिला, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, तुझे उपकार आहेत मुंजाजी, पोरीनं मला सगळं सांगितलं. खुर्ची ऑफिसात नेली. पुढच्या दसऱ्याला निरोप आला नाही.

त्याआधी, संक्रांत झाल्यावर फेब्रुवारीत पंचफुलाची शेवटची गाडी आली तेव्हा मुंजाजी काही कामाशिवायच फाटकाबाहेर उभा होता. तिच्या दोन्ही मुठींना डब्यानं एक नंबर दिला. भाव तोवर उतरला होता, पहिल्या नंबराला आता नोव्हेंबरातल्या दुसऱ्या नंबराएवढाच मिळत होता, पण नंबर एक होता. ती काट्यावरच्या माणसाला म्हणाली, "मशीन बरं हाय बगा. मानसावानी तोंड बघून नंबर तर देत न्हाई." मुंजाजी दहा पावलांवर होता. त्यानं ऐकलं. तिला काही सांगावं असं त्याच्या मनात आलं का, ते कळायला मार्ग नाही. तो वळून वालूरच्या रस्त्याला लागला.

आता तो धुरपताबाईबरोबर दुसऱ्यांच्या रानात वेचणीला जातो. बायकांच्या ओळीत एकटा मिशीवाला. किलोवर मजुरी असते, आणि तो एकेक पत्ती काढत बसतो म्हणून संध्याकाळी त्याचंच गाठोडं सगळ्यात हलकं भरतं. बायका त्याला चिडवतात. हातांना आता घट्टे पडलेत. धुरपताबाईनं मेंदीची चेष्टा सोडून दिलीय, आणि ज्यांनी त्या घरात तीस वर्षं ती चेष्टा ऐकली त्यांना हे जरा चुकल्यासारखं वाटतं.

गोपाळच्या हॉटेलातला चहा तेवढा अजून फुकट आहे. पंचायतही बसते. लग्नपत्रिकावाल्याचं दुकान आता मोबाइल कव्हरचं झालंय, टायपिस्ट आठवड्यातून दोनच दिवस कोर्टात जातो, आणि तरी जो तो शेजाऱ्याकडंच बोट दाखवतो. मुंजाजी आला की बोलणं थांबतं, कुणीतरी सरकून जागा देतं. जिंतूरकडचे दोन जण एकदा मुद्दाम त्याला भेटायला आले होते, त्यांच्या जिनिंगातल्या डब्याचं काही करता येईल का विचारायला. आलेल्या माणसाला गोपाळ हळू आवाजात सांगतो, हाच तो, मशीनला उलटं शिकवणारा. मुंजाजी ऐकतो, मिशीवरून बोट फिरवतो, आणि बशीत चहा ओततो.

त्यानं मशीनला काहीही उलटं शिकवलं नव्हतं. जे येत होतं ते सगळं बरोबर शिकवलं. एक चूक नकळत राहिली होती, ती त्यानंच दाखवून दिली. डबा आता बरोबर चालतो.